छाट

कारखान्यात चेकर कट्टा उचलतो,
अंगठ्यानं दाबून बघतो.
ढिली विडी बाजूला. तोंड नीट मिटलं नाही, बाजूला.
हजारामागं कितीही छाट निघो,
पैसे आमचे कापतात,
पान आमच्यावर भरायला लावतात.
एकतीस वर्षं झाली, मी वाद घातला नाही.

साहेब, म्हणून विचारते,
तुमच्या ठाण्यात छाट कोण काढतं?

राजमणी माझी वदिना.
आमच्यात थोरल्या भावाच्या बायकोला वदिना म्हणतात.
तुमच्या कागदात ती 'अर्जदार',
आणि खाली एका ठिकाणी 'राजामनी',
जशी कुणी दुसरीच बाई.
मारणारा माझा सख्खा भाऊ.
हे तुम्ही मला तीनदा विचारलंत,
मी तीनदा हो म्हणाले.

पहिल्यांदा आलो तेव्हा
सगळी फोर्स गड्ड्याच्या बंदोबस्ताला होती.
जत्रा संपली की या, म्हणाले.

दुसऱ्यांदा हवालदारांनी भावालाच फोन लावला,
आणि तो येईपर्यंत आम्हाला बाकावर बसवलं.
तो आला. चहा आला. दोन कप.
घरातलं घरात मिटवा, वहिनी, असं म्हणाले
आणि बशी तिच्याच हातात दिली, ठेवायला.

तिसऱ्यांदा एकशे बारा.
गाडी चौकात उभी राहिली, इंजिन चालू.
तोवर त्यानं भांग पाडला होता.
शेजारी चौकशी केलीत, बरोबर आहे.
चार माग चालू असलेल्या घराच्या दारात उभं राहून
विचारलंत, ओरडा ऐकला का?
शेजारी म्हणाला, "काय?"
तुम्ही लिहिलंत, "नाही".

मग तो कागद मिळाला. अदखलपात्र.
मला वाचता येईना. हारिका नववीत आहे, तिची मुलगी.
तिनं फोड करून दाखवली, शाळेत शिकवतात तशी.
अ म्हणजे नाही.
पात्र म्हणजे लायक.
मधला शब्द तिनं सांगितलाच नाही,
वही मिटली.

चौथ्यांदा आम्ही ठाण्यात आलो नाही.
रिक्षानं सरळ सिव्हिल.

आता वदिनाला उजव्या कानानं ऐकू येत नाही.
हाक मारायची तर डावीकडं जावं लागतं.
रात्री मागांच्या बाजूला तो कान करून झोपते,
म्हणते, बरंय की, झोप लागते.

माहितीच्या अधिकारात तुमचं उत्तर आलं,
शिक्का गोल, सही निळी:
सदर दिनांकांस अशी नोंद आढळून येत नाही.

म्हणून हे कार्ड आणलंय.
विडीचं कार्ड आहे, हसू नका.
रोज आठशे वळणारी बाई.
सतरा जानेवारी, बघा: शून्य.
आठ फेब्रुवारी: दोनशे दहा. करंगळी बांधलेली होती.
एकोणीस मार्च: शून्य. वीस: शून्य. एकवीस: शून्य.
प्रत्येक तारखेपुढं कारखान्याची सही.
मालकाला कुणाची दया नव्हती साहेब,
त्याला फक्त हिशेब बरोबर हवा होता.
तेवढा हिशेब तरी
तुमच्या डायरीत असायला नको?

मला भावाला शिव्या द्यायच्या नाहीत.
त्याचं कोर्ट वेगळं आहे, तिथं जाईन,
तिथंही नणंद म्हणूनच उभी राहीन.
इथं मी तुमच्यासाठी आलेय.
त्या तीन दिवशी ड्युटीवर कोण होतं,
नाव, बक्कल नंबर,
आणि ढिला कागद कुणी बांधला
ते मला लेखी पाहिजे.

आयुक्तालयाच्या गेटवर यंत्रानं माझा अंगठा घेतला नाही.
पानानं रेषा खाल्ल्यात.
शिपाई म्हणाला, पुसून परत लावा.
चारदा पुसला. मग रजिस्टर मागितलं
आणि सही केली, आडनावासकट: अंबुबाई कुरापाटी.

पुढची तारीख मिळाली.
पाच नंबरची बस मिळाली नाही.
घरी येऊन सूप मांडीवर घेतलं,
दिवे लागेपर्यंत तीनशे चाळीस झाल्या.
कार्डावर कारणाला रकाना नसतो.
मी आकड्याच्या शेजारी, बारीक अक्षरात लिहिलं:
सुनावणी.